बंद स्कूटरचा सभासद टिकत नाही

दसऱ्याच्या सुमाराला जुन्या टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या, स्कूटरच्या क्लबात नवी माणसं येतात. खंडेनवमीला गाडी धुतली जाते, हँडलला झेंडूची माळ पडते आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘ही चालू करायला हवी यार.’ तिथून माणूस क्लबापर्यंत पोचतो, वर्गणी भरतो, ग्रुपमध्ये येतो. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यातले बरेच जण दिसेनासे होतात. मग क्लब चालवणाऱ्यांची चर्चा सुरू होते: लोकांना वेळ नाही, नव्या पिढीला आवड नाही, ट्रॅफिक फार वाढलंय. ही कारणं खोटी नाहीत, पण ती नंतरची. आलेल्या माणसाची गाडी बंद होती आणि ती बंदच राहिली, हे पहिलं कारण.

पुण्यात गाड्यांची वानवा नाही. बजाजचा चेतक १९७२ साली आला, आकुर्डीतून आणि पुढे वाळूजहूनही बाहेर पडत राहिला, आणि २००९ च्या अखेरीस कंपनीने स्कूटर बनवणंच थांबवायचं ठरवलं. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया होती, बजाजचीच सुपर होती, कानपूरची एलएमएल होती, मुंबईची लॅम्ब्रेटा होती. यातल्या कितीतरी अजून पेठांतल्या वाड्यांच्या बोळात आणि कोथरूड-सहकारनगरच्या सोसायट्यांच्या जिन्याखाली उभ्या आहेत. त्यामुळे सभासद कुठून आणायचे हा खरा प्रश्नच नाही. सभासद आहेत, त्यांच्या गाड्या कव्हरखाली आहेत. प्रश्न आहे तो गाडी कव्हरबाहेर काढून रस्त्यावर आणायचा, आणि तिथे ठेवायचा.

म्हणून क्लबाचं पहिलं साधन म्हणजे वही. मोबाइलमधली यादी नको, दोनशे पानी फुलस्केप वही हवी, प्रत्येक गाडीला एक पान. नवा माणूस आला की तीन गोष्टी विचारायच्या: गाडी चालू आहे का, कागद कोणाच्या नावावर आहेत, गाडी कुठे उभी असते. या तीन उत्तरांवरून तो टिकेल की नाही हे जवळपास कळतं. गाडी बंद, आरसी वारलेल्या वडिलांच्या नावावर आणि सोसायटीने ‘भंगार हलवा’ म्हणून नोटीस लावलेली, असं पान असेल तर त्या माणसाला सहलीचं आमंत्रण देण्यात काही अर्थ नाही. त्याला आधी ही तीन कामं उरकायला मदत हवी आहे. वहीतल्या पानावर शेवटची नोंद तीन महिन्यांपेक्षा जुनी झाली की चिटणीसाने फोन करायचा. मेसेज नाही, फोनच.

दुसरं साधन म्हणजे कामाचा रविवार. महिन्यातून एकदा, सकाळी आठ ते दुपारी एक, एखाद्या सभासदाच्या बंगल्याच्या आवारात किंवा मंडळाच्या पटांगणावर. एका रविवारी दोनच गाड्या घ्यायच्या, चार घेतल्या तर एकही पूर्ण होत नाही. या बाबतीत परदेशातल्या एका छंदाकडून शिकण्यासारखं आहे. बोटीच्या मागे लावायच्या जुन्या आउटबोर्ड मोटरी जमवणाऱ्यांचा क्लब अमेरिकेत १९६५ पासून चालू आहे. त्यांच्या मेळाव्यांत मोटरी नुसत्या मांडून ठेवत नाहीत, पाण्यात उतरवून चालवतात. तळं नसेल तर पाण्याने भरलेल्या पिंपात चालवतात, कारण पंपाचं रबरी चक्र कोरडं फिरलं की काही क्षणांत खराब होतं. ती इंजिनंही बहुतेक टू-स्ट्रोकच; ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे फ्लायव्हीलखालचे पॉइंट तेच, क्रँकच्या दांड्याभोवतीच्या रबरी ऑइल सीलची दुखणीही तीच. एवढी पाण्याची उठाठेव करून ते दर मेळाव्यात इंजिन चालू करतात. आपल्याला तर हवेवर थंड होणारी स्कूटर फक्त स्टँडवर घ्यायची असते.

आता रविवारी नेमकं काय करायचं ते सविस्तर, कारण इथेच बहुतेक ठिकाणी घाई होते.

पाच-दहा वर्षं उभ्या असलेल्या गाडीला आल्या आल्या किक मारायची नाही. सिलिंडरच्या भिंतीवर तेल उरलेलं नसतं, गंजाचा पातळ थर असतो. त्यावर रिंग घासली की ओरखडे पडतात आणि जे काम प्लग-पॉइंटवर भागलं असतं ते बोअर-पिस्टनवर जातं. प्लग काढून भोकातून दहा मिली टूटी ऑइल (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते) सोडायचं, अर्धा तास थांबायचं, मग फ्लायव्हीलचं कव्हर काढून पंखा हाताने हळू फिरवायचा. फिरला तर उत्तम. अडकला तर जोर करायचा नाही. डिझेल आणि टूटी ऑइल निम्मं-निम्मं करून भरायचं आणि ती गाडी पुढच्या रविवारी घ्यायची. मालकाला तसं स्वच्छ सांगायचं, म्हणजे तो मनात भलती शंका घेऊन घरी जात नाही.

दरम्यान टाकी. जुन्या पेट्रोलला वॉर्निशसारखा वास येतो, तो आला की टाकी उतरवायचीच. सीट काढली की टाकीचे बोल्ट दिसतात. पेट्रोल कॉकचा दांडा सोडवायचा, पाइप कार्ब्युरेटरकडून काढायचा आणि टाकी वर उचलायची. आत तांबूस भुकटी असेल तर वाण्याकडचं लिंबूसत्व कामाला येतं. एक लिटर कोमट पाण्याला साधारण ऐंशी ग्रॅम या प्रमाणात टाकी काठोकाठ भरायची आणि एक दिवस ठेवायची. अर्धी भरली तर वरच्या बाजूचा गंज तसाच राहतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून, लगेच पन्नास मिली टूटी ऑइल आत सगळीकडे फिरवायचं. वाळवण्यात आणि ऑइल फिरवण्यात एका रात्रीचं अंतर पडलं तरी ताज्या पत्र्यावर पुन्हा गंज धरतो. टाकीचं काम दिवसभराचं असल्यामुळे ते मालकाने शनिवारपर्यंत घरी करून आणायचं, असा नियम ठेवलेला बरा. त्याचे हात कामाला लागलेले असतात हा त्यातला फायदा.

कार्ब्युरेटर उतरवला की जेट काढून हवेने साफ करायचे. तार घालायची नाही. जेटचं भोक कणभर मोठं झालं तरी मिश्रण बिघडतं आणि मग गाडी का पितेय ते कोणालाच सापडत नाही. फ्लोट कानाशी धरून हलवायचा. आत खळखळलं तर तो फुटका आहे. पाइप जिथे कार्ब्युरेटरला जोडतो तिथली बारीक जाळी बघायला बरेच जण विसरतात, आणि निम्मा कचरा तिथेच सापडतो. परत बसवताना दोन लांब बोल्ट सारखे आणि बेताने आवळायचे. ताकद लावली की खालची पट्टी वाकते, तिथून हवा शिरते आणि आयडलिंग कधीच लागत नाही. गाडी तिरकी करून किक मारायची सवय आपल्याकडे सगळ्यांना आहे, पण रोजच तिरकी करावी लागत असेल तर फ्लोटची सुई किंवा पेट्रोलचा मार्ग तपासायला हवा. ती चेतकची खासियत म्हणून सोडून द्यायची नाही.

मग स्पार्क. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करून फीलर गेजने ०.४ मिलिमीटर, प्लगचं अंतर ०.६. पॉइंट सारखे काळे पडत असतील तर कंडेन्सर गेलेला आहे. खराब कंडेन्सरची गाडी गार असताना झकास सुरू होते, सात-आठ किलोमीटरवर गरम झाली की बंद पडते, आणि पंधरा मिनिटं उभी राहिली की पुन्हा सुरू होते. ही खूण नव्या सभासदाला शिकवून ठेवावी, कारण याच खुणेवर बाहेर त्याच्याकडून पिस्टनचे पैसे घेतले जातात.

गिअर ऑइल बदलायचं ते गाडी सरळ उभी ठेवून, भरायच्या भोकाच्या काठापर्यंत. नवा पेट्रोल पाइप. टायरवरची चार आकडी तारीख वाचायची (पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष) आणि टायर म्हातारा असेल तर नक्षी शिल्लक असली तरी बदलायचा. साईज ३.५०-१०, हवा पुढे १८ पीएसआय, मागे एकट्याला २५. रिमचे दोन भाग जोडणारे नट हवा भरलेली असताना कधीही सोडायचे नाहीत, दाबाने रिम उडून तोंडावर येते. ही गोष्ट प्रत्येक रविवारी, प्रत्येक नव्या माणसाला, पुन्हा सांगायची.

पहिल्या टाकीला लिटरमागे तीस मिली ऑइल, नंतर कायम वीस. पूर्वी पंपावर तयार मिश्रण मिळायचं, आता बहुतेक ठिकाणी नाही. लोक पेट्रोल दोनशे रुपयांचं घेतात आणि ऑइल अंदाजाने ओततात. पेट्रोल लिटरमध्ये मागायचं, म्हणजे हिशोब सोपा होतो: तीन लिटरला साठ मिली, पाच लिटरला शंभर. ऑइल आधी टाकीत, वरून पेट्रोल, म्हणजे धारेने ढवळलं जातं. औषधाबरोबर येतं तसलं खुणांचं माप डिकीत कायम ठेवायचं. क्लबात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी बिल्ल्याऐवजी असं एक माप द्यावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

एवढं करून गाडी सुरू होते, आणि मग खरी मेख निघते. सुरू झाल्यावर आरपीएम आपोआप वाढत जातो, ऍक्सिलरेटर सोडला तरी उतरत नाही आणि प्लग पांढरा पडतो. याचा अर्थ फ्लायव्हीलच्या बाजूचं ऑइल सील वाळलंय, तिथून हवा शिरतेय आणि मिश्रण पातळ होतंय. अशी गाडी ‘छान पळतेय’ म्हणून तशीच चालवली तर पिस्टन जाम होणार. किंवा उलट, पांढरा दाट धूर निघतो, जळक्या गिअर ऑइलचा वास येतो, आणि गिअर ऑइलची पातळी कमी होत जाते. हे क्लचच्या बाजूचं सील. ते गिअरबॉक्समधलं ऑइल क्रँककेसमध्ये ओढू देतं. पहिलं सील फ्लायव्हील आणि मॅग्नेटो प्लेट काढली की हाताशी येतं. मात्र प्लेट काढण्याआधी तिच्यावर आणि केसिंगवर मिळून एक रेघ मारून ठेवायची, नाहीतर ठिणगीचं टायमिंग हलतं. दुसऱ्या सीलसाठी इंजिन उतरवून उघडावं लागतं, ते रविवारच्या पाच तासांत बसत नाही.

सभासद गळतो तो नेमका इथे. गाडी सुरू झाली म्हणून टाळ्या वाजतात, फोटो निघतात, आणि आठवड्याने सीलमुळे गाडी पुन्हा बंद पडते. आता ती दुसऱ्यांदा बंद पडलेली असते, आणि दुसऱ्यांदा मदत मागायचा संकोच वाटतो. म्हणून वहीतल्या पानावर ‘चालू झाली’ असं लिहायचंच नाही. ‘१०० किलोमीटर झाले’ असं लिहायचं. किलोमीटर बघायला मीटर चालू नसेल तर तीन लिटर पेट्रोल हा हिशोब धरायचा. तोपर्यंत त्या माणसाबरोबर एक सोबती नेमलेला असावा, शक्यतो त्याच भागातला. हडपसरच्या माणसाला निगडीचा सोबती देऊन काही होत नाही.

सामान आणि हत्यारं ही वर्गणीची खरी परतफेड. फ्लायव्हील पुलर, क्लच दाबायचं साधन, फीलर गेज, टॉर्क रेंच, मल्टीमीटर, कॉम्प्रेशन गेज एवढं क्लबाच्या पेटीत असलं की सभासदाला घरचं काम घरी करता येतं. पुलर तर हवाच. तो नसला की फ्लायव्हीलवर हातोडी पडते आणि क्रँक वाकतो. पेटी एकाच्याच घरी न ठेवता दर तिमाहीला फिरवायची, आणि हत्यार नेताना अनामत घ्यायची, ओळखीतल्यांकडूनही. स्पेअरसाठी नाना पेठ आहेच. नेमका जुना तुकडा हवा असेल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारायची. पण स्पेअर एकेकट्याने घेण्यापेक्षा दहा जणांनी मिळून घेतले तर दुकानदार चांगल्या प्रतीचा माल काढतो. स्वस्त केबलच्या तारा कमी आणि जाड असतात, त्या हँडलच्या वळणावर तुटतात. स्वस्त पॉइंटची स्प्रिंग मऊ पडते आणि जोरात पळवताना गाडी मिसफायर करते. रबरी माल मात्र वर्षाच्या गरजेपेक्षा जास्त साठवू नये. पाकिटात पडल्या पडल्याही सील म्हातारं होतं. प्रत्येक पाकिटावर खरेदीचा महिना लिहायचा.

पेट्रोलचं एक नवं दुखणं आहे ते वेगळं सांगायला हवं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये अर्धी रिकामी टाकी महिनाभर उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पेट्रोल कॉकही तळाशीच असतो. किक मारली की पहिला घोट त्याचाच. कार्ब्युरेटरमध्ये पांढरी भुकटी धरते, जुना पाइप आणि कॉकचे वॉशर फुगतात किंवा कडक होतात. उपाय साधे आहेत: तीन आठवड्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, दोन महिन्यांपेक्षा जास्त असेल तर टाकी रिकामी करायची, पाइप इथेनॉलला टिकणारा घ्यायचा आणि दरवर्षी बदलायचा. जून महिना लागला की प्रत्येक सभासदाला याची आठवण करून द्यायची. पावसाळ्यात होणारी गळती यानेच निम्मी थांबेल.

कागदांचं काम कंटाळवाणं आहे, पण सभासद आणण्याच्या बाबतीत याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. पुष्कळांना वाटतं की पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारातच काढावी लागते. हा समज दिल्लीच्या बातम्यांवरून पसरलेला आहे. आपल्याकडे खासगी दुचाकीची तपासणी होऊन नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. अर्ज फॉर्म २५ वर. गाडी वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर फॉर्म ३१, विक्रीने घेतली असेल तर २९ आणि ३०. खूप जुना नंबर ऑनलाइन दिसतच नाही, कारण तो संगणकात कधी चढलाच नाही. मग मूळ आरसी बुक घेऊन आरटीओत बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. ती झाल्याशिवाय हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचं बुकिंगही होत नाही, आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती प्लेट लागते. क्लबात एका माणसाने हा रस्ता एकदा नीट चालून त्याचं एक पान लिहून ठेवलं, तर पुढच्या वीस जणांचे हेलपाटे वाचतात. आरसी बुकच्या जुन्या पानांची लॅमिनेशन न करता झेरॉक्स आणि फोटो काढून ठेवायला सगळ्यांना सांगावं.

पीयूसीत टू-स्ट्रोक नापास होईल या भीतीनेही लोक गाडी बाहेर काढत नाहीत. ३१ मार्च २००० पर्यंतच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएम ही मर्यादा आहे. नीट लावलेली स्कूटर त्यात बसते. नापास होतात त्या गाड्या बहुधा गार इंजिनाने, चोक अर्धवट ओढलेला, ऑइल अंदाजाने ओतलेल्या, किंवा सायलेन्सरमध्ये कार्बन साठलेल्या अशा असतात. दहा किलोमीटर चालवून, गरम गाडी घेऊन जायचं.

‘व्हिंटेज’ या शब्दाचं मात्र आमिष दाखवू नये. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात असलेली गाडीच व्हिंटेज धरली जाते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची मालिका मिळते, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचं ५,०००, आणि मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. पहिल्या वर्षांतले चेतक आता कुठे या वयात आलेत. १९८८ च्या गाडीवरून मंडईत जाऊन भाजी आणायची ज्याची इच्छा आहे, त्याला साधी पाच वर्षांची नोंदणीच सोयीची.

सहलीबद्दल थोडक्यात. पहिली सहल पंचवीस-तीस किलोमीटरची: कोथरूडहून खडकवासला आणि परत, सकाळी साडेसहाला निघून नऊच्या आत घरी. सगळ्यात हळू गाडी सगळ्यात पुढे. दिवे घाट, कात्रजचा जुना घाट हे शंभर किलोमीटर झालेल्यांसाठीच, आणि तिथेही चढणीपेक्षा उतारावर जास्त लक्ष. टू-स्ट्रोकला वंगण मिळतं ते पेट्रोलमधूनच. उतारावर ऍक्सिलरेटर बंद ठेवून इंजिनावर गाडी रोखली की इंजिन फिरतं वेगाने आणि तेल मिळतं जेमतेम. म्हणून दर काही सेकंदांनी क्लच दाबून थोडी रेस द्यायची. मधेच बंद पडली आणि टाकीचं झाकण उघडताना ‘फुस्स’ झालं, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, पिन घालून मोकळं करायचं. मागच्या गाडीत दोन प्लग, प्रत्येक प्रकारची एक केबल, केबल आवळायचे छोटे नट, दोन ट्यूब, एक पॉइंट सेट, दोन कंडेन्सर, मीटरभर पाइप आणि लिटरभर टूटी ऑइल. रस्त्यात कोणालाही एकटं सोडून पुढे जायचं नाही. नाश्ता थंड झाला तर झाला.

जुन्या मेकॅनिकांशिवाय हे काहीच चालणार नाही. पेठांतल्या गल्ल्यांत अजून असे हात आहेत की जे फ्लायव्हीलचा आवाज ऐकून बेअरिंग सांगतात. त्यांना रविवारी ‘मार्गदर्शनाला’ फुकट बोलावणं चूक आहे. रविवारची त्यांची मजुरी ठरवून, काम सुरू व्हायच्या आधी हातात द्यावी. मोठं काम, म्हणजे बोअर, क्रँक, क्लचकडचं सील, त्यांच्याच गॅरेजला पाठवावं, म्हणजे क्लब त्यांच्या पोटावर येतो असं त्यांना वाटत नाही. आणि त्यांच्या परवानगीने हातांचा व्हिडिओ काढून ठेवावा, चेहऱ्याचा नाही: पॉइंट लावताना अंगठा कुठे टेकतो, क्लच प्लेट ऑइलमध्ये किती वेळ भिजवतात, नट शेवटी किती वळवून सोडतात.

तरुण मुलं येत नाहीत ही तक्रार फार ऐकू येते. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या आजच्या मुलांनी चालू कार्ब्युरेटर फारसा पाहिलेलाच नसतो. २०२० च्या एप्रिलपासून नव्या गाड्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. त्यांच्यासाठी एक बाद इंजिन टेबलावर ठेवावं, पूर्ण उघडायला आणि पुन्हा जोडायला. जोडून झाल्यावर किती नट उरले ते मोजायचं आणि पुन्हा उघडायचं. दोन रविवारांत टू-स्ट्रोकचं सगळं डोक्यात बसतं. त्यांना खुर्च्या मांडायला आणि चहा आणायला लावलं की ती परत येत नाहीत, आणि ते रास्तच आहे. विद्यार्थ्यांना वर्गणी माफ ठेवावी.

अस्सलपणाचा वाद हा जुन्या सभासदांचा आवडता, आणि नव्यांना पळवणारा. गाडीचा रंग मूळचा नाही, आरसे बाहेरचे आहेत, सीट कव्हर फुलाफुलांचं आहे. असेल. ते सीट कव्हर कदाचित त्याच्या आईने शिवून घेतलं असेल. पहिलं वर्षभर कोणाच्याही गाडीच्या दिसण्यावर, विचारल्याशिवाय, शब्द काढायचा नाही असा लेखी नियम असावा आणि अध्यक्षांनी तो आधी स्वतः पाळावा. ज्याला मूळ रूपात गाडी आणायची आहे त्याला पुढे माहिती द्यायला सगळे तयार असतातच.

व्हॉट्सॲपचे ग्रुप दोन ठेवावेत: एकावर फक्त सूचना, दुसऱ्यावर फक्त गाडीचे प्रश्न. सुप्रभातला तिसरी जागा नको. हिशोब दर तीन महिन्यांनी ग्रुपवर, बिलांच्या फोटोसकट. संस्था नोंदवायची असेल तर किमान सात जण लागतात, धर्मादाय कार्यालयात काम होतं, पण पन्नास सभासद होईपर्यंत त्याची घाई नको. नोंदणीनंतर ऑडिटचं आणि बदल-अर्जांचं ओझं कायमचं असतं. पदं दोन वर्षांनी बदलावीत. वही ज्याच्याकडे असेल त्याचं पद सगळ्यात महत्त्वाचं.

नव्यांना शोधायला बाहेर पडाल तेव्हा चकचकीत गाडी नेऊ नका, किंवा नेलीत तर तिची बाजूची डिकी काढून इंजिन उघडं ठेवा. चकचकीत गाडीपुढे लोक फोटो काढून निघून जातात. उघड्या इंजिनापुढे थांबतात, वाकतात आणि बोलू लागतात. ‘आमच्याकडेही होती’ हे वाक्य येतंच. त्यावर विचारायचं, ‘आता कुठे आहे?’ विकली म्हणाले तर गप्पा माराव्यात. गावाला आहे, पार्किंगमध्ये आहे म्हणाले तर वही काढावी. किक त्यांना मारू द्यावी, लहान मुलांना हॉर्न वाजवू द्यावा.

आणि पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या असलेल्या गाडीसाठी चिठ्ठी. आधी वॉचमनला विचारून, शक्य असेल तर त्याच्याच हातून. डिंकाने किंवा टेपने रंगावर चिकटवायची नाही, कव्हर काढायचं नाही. ब्रेकच्या दांड्यात घडी करून अडकवायची, पावसाळा असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत. मजकूर एवढाच: ‘नमस्कार. ही गाडी आम्हाला विकत घ्यायची नाही. तुम्हाला ती पुन्हा चालू करायची असेल तर महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी आठ वाजता या पत्त्यावर या. गाडी आणू नका, नुसतं आरसी बुक घेऊन या. तोवर कृपया किक मारू नका.’